डबा जिहाद

गेल्या महिन्यातली गोष्ट. मधली सुट्टी संपून आठवीचा मराठीचा तास सुरू झाला होता. मी फळ्यावर तारीख आणि पाठाचं नाव लिहीत होते आणि पाठीमागं खुसखुस चालू होती. वळून बघितलं तर तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा, हातात स्टीलचा रिकामा डबा. म्हणाला, "मॅडम, इने डब्बा जिहाद कर्‍या!"

शेजारच्यानं त्याचा डबा न विचारता संपवला होता, एवढाच गुन्हा. पण अख्खा वर्ग बाक वाजवून हसायला लागला. उर्दू माध्यमाची शाळा, सगळी मुलं मुसलमान घरातली.

आणि मीही हसले. हे सांगायला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. दोन-तीन सेकंदच असेल. मग आत कुठंतरी टोचलं. तोपर्यंत रागवायची वेळ निघून गेली होती. बाईच हसल्यावर मुलांना काय रागवणार? "बसा, पुस्तक काढा" म्हणाले आणि तास पुढं नेला. त्या दिवशी काय शिकवलं ते मला आता आठवत नाही.

घरी आल्यावर विचार करत बसले, की नेमकं टोचलं काय? "मुलांची भाषा बिघडली" हे रडगाणं माझं नाही, हे आधी सांगून टाकते. ते आमच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं. मुलं "विषय हार्ड" म्हणतात, "नाद खुळा" म्हणतात, हल्ली मोबाईलवरच्या रीलमधून "क्रिंज" आणि "सिग्मा" शिकून आलीत, यावर डोकं धरणारे सहकारी मला भेटतात. मी काही डोकं धरत नाही. कारण मी सोलापूरची आहे, आणि सोलापूरकरानं दुसऱ्याच्या बोलीला नावं ठेवायची म्हणजे जरा अतीच झालं.

बीएडला असताना माझ्या एका सराव पाठाला मार्गदर्शक मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. पाठ संपल्यावर त्यांनी वही उघडली. मला वाटलं, आशय, पद्धती, फलकलेखन यावर काही सांगतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही सदतीस वेळा 'की' म्हणालात. बसा की, वाचा की, सांगा की. आणि एकदा एका मुलाला 'गप बस बे' म्हणालात." त्या बाहेरगावच्या होत्या. मी मान खाली घालून उभी राहिले. आज वाटतं, त्यांना सांगायला हवं होतं की मॅडम, हा 'बे' साधा नाही.

सोलापूरचा 'बे' बाहेरच्याला उद्धट वाटतो. पण त्याला कायदे आहेत. बरोबरीच्याला चालतो, वडीलधाऱ्याला नाही. नव्या ओळखीत चालत नाही, आणि जुन्या ओळखीत तो आला नाही तर समोरचा विचारतो, "रागावलास काय बे?" उर्दूतल्या 'अबे'चं हे धाकटं भावंड, पण आमच्याकडं त्यातला दरारा गेला आणि नुसती सलगी उरली. माझ्या शाळकरी वयात मुली 'बे' म्हणत नव्हत्या, आता बिनदिक्कत म्हणतात. साखर पेठेतला तेलुगू बोलणाऱ्या विणकराचा मुलगा म्हणतो, घरी कन्नड बोलणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा म्हणतो, विजापूर वेशीतला आमचा मुलगा म्हणतो. घरात चार वेगवेगळ्या भाषा आणि चौकात एकच "काय करलालास बे?" सरकारनं एवढ्या योजना काढल्या, पण या चौघांना एकत्र आणायला ही दोन मुळाक्षरं पुरली.

आमच्या घरची दखनी तर आणखी गंमतीची. उत्तरेकडचे पाहुणे आले की आमच्या 'नक्को'ला हसतात. उर्दूच्या पुस्तकात 'नहीं चाहिए' असतं, आम्ही 'नक्को' म्हणतो. हा सरळ मराठीतला 'नको' आहे, शेकडो वर्षांपूर्वी शेजारणीकडून विरजणासारखा मागून आणलेला. तसाच तो 'च'. 'मैंच', 'हमीच', 'ऐसाच'. दिल्ली-लखनौच्या उर्दूत हा 'च' नाही. तो मराठीनं दिला. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, लक्ष्मी-विष्णू गिरणीत कामाला होते. त्यांच्या तोंडी तेलुगू शिव्या होत्या, कन्नड आकडे होते, मराठी म्हणी होत्या आणि नमाजेला अरबी. यातलं काय कुठून आलं हे त्यांनी कधी बघितलं नाही. पाळीवर बोलून बोलून तोंडात बसलं तेवढं त्यांचं.

म्हणजे शब्द तोंडात बसायला वरून हुकूम लागत नाही. उलट हुकूम काढूनही बसत नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं १६७७ च्या सुमारास राज्यव्यवहारकोश झाला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, आणि आज आपण वकिलाकडं जाऊन अर्ज करतो, जमिनीची कागदपत्रं मागतो आणि खर्च किती ते विचारतो. यातला एकेक शब्द त्याच फारसी दरबारातून आलेला. सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी शब्द घडवले. त्यातला 'महापौर' इतका रुळला की तो कुणी घडवला होता हे आठवत नाही. 'दूरध्वनी' मात्र लेटरहेडवर राहिला, बोलताना सगळे फोनच करतात. एकच माणूस, एकच हेतू, एक शब्द चालला आणि एक नाही. कारण लोकांचं तोंड कुणाचा मोठेपणा बघत नाही, सोय बघतं.

ही सोय कसली असते, ते आमच्याच जिल्ह्यानं अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलं. जून २०२२. शिवसेनेतले आमदार फुटून गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन बसले होते. तिथून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी एका कार्यकर्त्याशी फोनवर केलेलं बोलणं बाहेर आलं. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. पुढच्या काही दिवसांत त्याची गाणी झाली, विनोद झाले, लहान पोरं सहलीला जाताना ते म्हणू लागली. माझ्या मुलीनं तर शेंगा चटणीच्या ताटाकडं बघून म्हटलं, काय भाकरी, काय चटणी.

हे वाक्य का चाललं? एक तर त्याला ताल आहे. 'काय' तीनदा येतं, त्यामुळं पाठ करावं लागत नाही. दुसरं, ते साचा देतं. झाडीच्या जागी काहीही घाला, वाक्य तयार. तिसरं म्हणजे ते सभेतलं नव्हतं. माणूस घरच्या बोलीत, आपल्या माणसाशी, कुणी ऐकतंय याचं भान न ठेवता बोलला होता. 'डोंगर' नाही, 'डोंगार'. मला त्या दिवसांत आमच्या मार्गदर्शक मॅडमची फार आठवण आली. ज्या बोलीसाठी मी मान खाली घातली होती तिची आता शहरातली माणसं नक्कल करत होती. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती होती हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. त्या आठवड्यात एक सरकार पडत होतं. कोण कुणाबरोबर गेलं, का गेलं, मतदारांचं काय, असे प्रश्न होते. आपण काय केलं? झाडी-डोंगार म्हणून हसलो. नंतर विरोधकांनी "पन्नास खोके, एकदम ओक्के" काढलं, त्यालाही हसलो. 'खोके' म्हणजे काय हे माझ्या शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही कळत होतं, पण आरोपाला पुरावा काय हे मोठ्यांनीही विचारलं नाही, कारण यमक जुळलं होतं. गमतीचा शब्द मिळाला की विषय संपल्यासारखा वाटतो. खरं तर तो तिथं सुरू व्हायला हवा.

आणि याच सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले होते, एकाच पक्षाकडून. दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी ते आयुष्यभर बोलत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. त्यांचं एक तरी वाक्य तुमच्या तोंडी आहे का? माझ्या नाही. त्यांच्याच जिल्ह्यात मी शिकवते, तरी नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

'सैराट' हा शब्द तुम्ही आज कोणत्या अर्थानं वापरता? सिनेमा आला २९ एप्रिल २०१६ ला. दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्या जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यामुळं सोलापुरात तो जणू घरचं कार्य असल्यासारखा बघितला गेला. 'झिंगाट' तर इतका चढला की दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' केला तेव्हा त्यांनाही तो शब्द बदलता आला नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरीला आणि जावयाला मारणाऱ्यांच्या विरोधात तो सिनेमा आहे. शेवटी चित्रपटगृहात पसरलेली शांतता मला आठवते. पण शब्द सिनेमातून बाहेर पडला आणि त्याला वेगळंच कुणीतरी दत्तक घेतलं. कुठं असा खून झाला की वर्तमानपत्रात मथळा, 'सैराटची पुनरावृत्ती'. कुठं मुलगी पळून गेली की गल्लीत कुजबुज, 'सैराट झाली'. मारणाऱ्यांवर बोट ठेवणारा शब्द बघता बघता पोरींवर बोट ठेवायला लागला.

त्या वर्षी माझ्या वर्गात नववीत एक मुलगी होती. अक्षर सुरेख, मराठीत वर्गात पहिली. शिकवणीतल्या एका मुलाकडून तिनं वह्या आणल्या होत्या, एवढंच. कोपऱ्यावरच्या पोरांनी ती जाताना मोबाईलवर गाणं लावायला सुरुवात केली. मग तिचं नावच 'सैराट' पडलं. कुणी वाईट हेतूनं म्हणत होतं असं नाही, हे मुद्दाम सांगते. दुकानदार हसून म्हणायचा, शेजारीण हसून म्हणायची, वर्गातल्या मैत्रिणीही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची अम्मी दाखला न्यायला आली. मुलीला गुलबर्ग्याला खालाकडं ठेवणार म्हणाली. मी समजावलं. ती म्हणाली, "मॅडम, लोगां क्या बोल रहें, आपकू मालूम है ना?" मला मालूम होतं. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहिलं, 'स्थलांतर'. वर्गशिक्षिका म्हणून खाली माझी सही आहे. गुलबर्ग्यात तिला शाळेत घातलं नाही, हे मला नंतर कळलं.

उर्दू-मराठी दोन्हीत एक शब्द आहे, 'अफवा'. अरबीत 'अफवाह' म्हणजे तोंडं. तोंडाचं अनेकवचन, बस. कुणाचं तोंड ते विचारायचं नाही. त्या मुलीच्या बाबतीतही असंच झालं. नाव घेऊन बोट दाखवावं असं एकही तोंड नव्हतं.

आता डब्याकडं येते.

'जिहाद' हा शब्द मी उर्दूच्या तासाला शिकवते तेव्हा त्याची तीन मुळाक्षरं फळ्यावर लिहिते. जीम, हे, दाल. जहद म्हणजे कष्ट, प्रयत्न. जद्दोजहद यातूनच, म्हणजे धडपड. धर्मासाठीचं युद्ध हाही त्याचा एक अर्थ इतिहासात आहे, तो मी लपवत नाही. बंदूकवाल्यांनी तेवढाच उचलला आणि जगभर रक्त सांडलं, हेही सांगते. पण आमच्या मुलांच्या तोंडात तो शब्द आला तो यांतल्या कोणत्याच वाटेनं नाही. तो आला प्रत्यय होऊन.

अमेरिकेत १९७२ मध्ये वॉटरगेट प्रकरण झालं. वॉटरगेट हे एका इमारतीचं नाव. त्यानंतर कुठलाही घोटाळा झाला की नावापुढं 'गेट' लावायची पद्धत पडली. आपल्याकडं कोळशाच्या घोटाळ्याला 'कोलगेट' म्हटलं, तेव्हा वर्गातल्या एका पोरानं मला दंतमंजनाचा काय संबंध असं विचारलं होतं. प्रत्यय झालेल्या शब्दाला अर्थ असावा लागत नाही, नुसता वास असावा लागतो. 'गेट' म्हटलं की घोटाळ्याचा वास. 'जिहाद' म्हटलं की मुसलमानाच्या कटाचा वास. मग पुढं काहीही जोडा. लव्ह, लँड, व्होट. झाडीच्या जागी भाकरी घालावी तितकं सोपं.

४ फेब्रुवारी २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयानं लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की 'लव्ह जिहाद' या शब्दाची सध्याच्या कायद्यांत व्याख्या नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडं असं प्रकरण नोंदलेलं नाही. त्या उत्तरानं शब्दाचं काही बिघडलं नाही. दोनच महिन्यांत टाळेबंदीच्या दिवसांत 'कोरोना जिहाद' आला. दिल्लीतल्या तबलीगी मरकजमध्ये गर्दी जमली होती. त्या काळात गर्दी करणं चूकच होतं, मी तेव्हाही तसं घरात म्हटलं होतं आणि अब्बांशी वाद घातला होता. पण चूक वेगळी आणि जिहाद वेगळा. आमच्या गल्लीतल्या गाडीवाल्यांना भाजी घ्यायच्या आधी नाव विचारलं जाऊ लागलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्यासारखं दिसतं असं म्हटलं. तो निकाल मी वाचला. भाजी घेणाऱ्या बायकांपैकी कितीजणींनी वाचला असेल? निकाल लांबलचक असतो. 'कोरोना जिहाद' दोन शब्दांत आटपतं.

आमच्या बाजूचंही सांगायला हवं. २०२४ च्या निवडणुकीत 'व्होट जिहाद' गाजला. पण त्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात फर्रुखाबादच्या प्रचारसभेत 'व्होट जिहाद करा' असं आवाहन करणाऱ्या बाई आपल्यातल्याच होत्या. टाळ्या मिळाल्या असतील. त्या टाळ्यांचं बिल महाराष्ट्रातल्या निवडणुकीपर्यंत सगळे भरत राहिले. आणि घरात? आमच्या लग्नाकार्यात सहज बोलतात, "गैर लोगां भी आये थे." कोण गैर? तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहणारे, ईदला शीरखुर्मा नेणारे आणि गड्ड्याच्या यात्रेतून आमच्या पोरांना खेळणी आणणारे. उर्दूत 'गैर' म्हणजे परका, मराठीत 'गैर' म्हणजे अयोग्य. दोन्ही भाषांत तो शेजाऱ्याला बसत नाही, तरी तोंडात बसलाय. मी एकदा खालांना टोकलं तर म्हणाल्या, "अगं, बोलायची पद्धत असते ती." दुकानदारही 'सैराट'बद्दल हेच म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी त्या डबेवाल्या मुलाला थांबवलं. रागवायचं नव्हतं, म्हणून वाचनालयात पुस्तकं लावायला घेतलं. हात चालू असले की पोरं बोलतात. विचारलं, हे कुठं ऐकलंस?

म्हणाला, ग्राउंडवर. संध्याकाळी क्रिकेट खेळतात, सगळ्या गल्ल्यांची मिळून टीम आहे. यानं चौकार मारला की कुणीतरी ओरडतं, "बॅट जिहाद!" चेंडू हरवला की "बॉल जिहाद!"

"तुला राग येत नाही?"

"दोस्तच है मॅडम वो. वैसे नै है." मग जरा थांबला, हातातलं पुस्तक उलटंसुलटं करत म्हणाला, "पहिले आता था. अब हमीच पहिले बोल देतूं. हमीच बोल दिये तो उनकू मजा नै आता."

मी त्याला व्याख्यान देणार होते. ते तसंच राहिलं. 'हमीच' मधला तो 'च', मराठीनं दिलेला, मला त्या दिवशी फार जड वाटला.

कारण हे मीही करते. माझं मराठी ऐकून कुणी ना कुणी म्हणतंच, "अय्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही! वाटत नाही बिलकूल." काय वाटत नाही ते वाक्यात नसतं. याच सोलापुरात १९९० मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, त्याआधी आणि त्यानंतर इथल्या मुसलमानांनी मराठीत ढीगभर लिहिलंय, पण प्रत्येक प्रशिक्षणाला, प्रत्येक पेपर तपासणीच्या केंद्रावर हे वाक्य मला नव्यानं भेटतं. पूर्वी मी समजावत बसायचे. आता ओळख करून देतानाच हसून सांगते, "मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, आणि हो, माझं मराठी छान आहे." लोक हसतात, विषय संपतो. मला वाटायचं, ही माझी हुशारी. चौदा वर्षांचं पोर तीच हुशारी शिकलं होतं, आणि त्याला ती माझ्यापेक्षा तीस वर्षं लवकर शिकावी लागली होती.

त्याची ढाल काढून घ्यायचा मला अधिकार आहे का? ग्राउंडवर मी नसते. पण मग ती ढाल तो वर्गातही घेऊन आला, आणि बाकीच्यांना तो नुसता विनोद वाटला, हेही खरं. त्यांच्यातल्या लहानग्यांना तर ती ढाल आहे हे कळलंच नाही. त्यांना वाटलं, चोरून खाण्याला असंच म्हणतात.

मी शब्दावर बंदी घातली नाही. बंदी घातलेला शब्द दुप्पट गोड लागतो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. उर्दूच्या तासाला जीम-हे-दाल लिहिलं. जद्दोजहद, जिहाद, इज्तिहाद, मुजाहिद, सगळं कुटुंब फळ्यावर मांडलं. एका मुलीनं विचारलं, मराठीतली 'जिद्द' यातलीच का? म्हटलं, नाही गं, ती ज़्वादची, वेगळं घर. उर्दूत ज़िद म्हणजे पोराचा हट्ट, मराठीत आल्यावर तिचा मान वाढला, सत्काराच्या भाषणात बसली. मुलांना हे आवडलं. मग मराठीच्या तासाला त्यांना एकच काम दिलं. आठवडाभरात आपण हसून म्हटलेले पाच शब्द वहीत लिहायचे, आणि प्रत्येकापुढं लिहायचं की तो शब्द ऐकताना कोण हसलं नाही.

वह्या आल्या. बहुतेकांनी पाट्या टाकल्या होत्या. 'क्रिंज'पुढं "दादी, क्यूंकि समज्या नै". एकीनं 'काळू' लिहिलं होतं आणि पुढं आपल्याच धाकट्या बहिणीचं नाव. एकानं 'गैर' लिहिलं होतं. पुढची जागा त्यानं कोरी सोडली होती.

परवा मधल्या सुट्टीनंतर तोच मुलगा पुन्हा उभा राहिला, पुन्हा रिकामा डबा. "मॅडम, इने मेरा डब्बा..." म्हणाला आणि थांबला. वर्ग वाट बघत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. "...खाया," म्हणाला.

कुणीच हसलं नाही. मी विचारलं, काय होतं डब्यात? मेथी होती म्हणाला, आणि कडक भाकरी. ज्यानं खाल्लं होतं त्यानं दप्तरातून पारले-जीचा पुडा काढून त्याच्यापुढं सरकवला. मी दोघांना खा म्हणाले, आणि फळ्याकडं वळले.